मॉलमधले एकशे त्र्याण्णव ठोके

कुठलंही बिघडलेलं प्रकरण मी सहा आठवड्यांत ताळ्यावर आणतो. ही बढाई नाही, माझं पोटच त्यावर चालतं! मिनियापोलिसला लागून ईडन प्रेरी नावाचं गाव आहे. तिथल्या एका विमा कंपनीत मी प्रोजेक्ट मॅनेजर आहे. दोन-दोन वर्षं रखडलेली, तीन-तीन मॅनेजरांनी हात टेकलेली प्रोजेक्टं माझ्या टेबलावर येतात आणि सहा आठवड्यांत सुतासारखी सरळ होतात. त्यामुळे २००६च्या जानेवारीत डॉक्टर लिंडक्विस्टबाईंनी माझ्या पंधरा वर्षांच्या लेकीचा, रुचाचा, रक्ताचा रिपोर्ट माझ्यापुढे सरकवला, तेव्हा मी अजिबात डगमगलो नाही.

निदान चेहऱ्यावरून तरी.

एरवी एवढ्या लहान मुलीचं कोलेस्टेरॉल कोणी बघत बसत नाही. पण दवाखान्याच्या फॉर्मवर 'घराण्यात हृदयविकार' असा एक चौकोन असतो. माझे वडील अण्णा हृदयविकाराने गेले, म्हणून मी त्यात दरवर्षी खूण करतो आणि घाईघाईने पान उलटतो. या वेळी बाईंनी ते पान परत उलटलं आणि रुचाचं रक्त तपासायला पाठवलं.

"घाबरण्यासारखं काही नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "गोळ्याबिळ्या तर मुळीच नकोत. पण वाईट कोलेस्टेरॉल एकशे अडतीस आहे. या वयाला ते बरंच जास्त झालं. रुचा, दिवसभर तू काय करतेस?"

"शाळा. मग होमवर्क. मग कॉम्प्युटर."

"कॉम्प्युटरवर काय?"

"चॅटिंग. होमवर्कबद्दल," रुचा म्हणाली.

"आणि खातेस काय?"

"फ्राइज. चिप्स. कधीकधी सोडा."

"कधीकधी म्हणजे?"

"कधीकधी दोन, कधीकधी तीन."

बाईंनी पेन खाली ठेवलं. रोज एक तास अंग हलवायचं, सोडा, म्हणजे कोकसारखी गोड पेयं, बंद, तळलेलं कमी, स्क्रीनसमोर बसणं कमी, आणि हे सगळं रुचाने एकटीने नाही तर सगळ्या घराने मिळून करायचं. तीन महिन्यांनी पुन्हा तपासू, असं त्यांनी सांगितलं. मी मन लावून ऐकलं. 'सगळ्या घराने' एवढे दोन शब्द सोडून सगळं मला नीट ऐकू आलं!

"तीन महिने कशाला?" मी म्हणालो. "सहा आठवड्यांत करून टाकतो!"

गाडीत बसल्यावर रुचा खिडकीतून बाहेरचा बर्फ बघत म्हणाली, "बाबा, प्लीज. याचा प्रोजेक्ट करू नकोस."

"छे छे! प्रोजेक्ट कसला!" मी म्हणालो. पहिला सिग्नल येईपर्यंत मी कामाचे तीन टप्पे पाडले होते.

पहिला टप्पा, घराची साफसफाई. मी स्वयंपाकघरातलं कपाट उघडलं आणि थक्क झालो. घाऊक मालाच्या दुकानातून आणलेल्या चिप्सच्या पिशव्या गव्हाच्या पोत्यांसारख्या रचलेल्या! कुकीजचे डबे, चीज क्रॅकर्स, चॉकलेटं, डोनट्स. आणीबाणी आली असती तर आख्ख्या गल्लीला महिनाभर पुरलं असतं.

"हे सगळं आणलं कोणी?" मी गरजलो.

"तू," पद्मजा म्हणाली. पद्मजा माझी बायको. ती पुण्याची आहे, एका शब्दात काम होत असेल तर दोन वापरत नाही.

"तो मुद्दा नाही. हे आज घराबाहेर गेलं पाहिजे."

"मग टाक कचऱ्यात."

आता तुम्हीच सांगा, अन्न कचऱ्यात कसं टाकवेल? फोडलेली पाकिटं दान म्हणूनही कोणी घेत नाही. शेवटी मी सगळा साठा गॅरेजमध्ये नेला आणि ठरवलं, याची विल्हेवाट आपणच लावायची. ऑफिसातून आलो की गाडी गॅरेजमध्ये लावायची, काच वर, रेडिओ चालू आणि दहा मिनिटं निष्ठेने खायचं. पोरीच्या डोळ्यांना मोह नको म्हणून एक बाप थंडीत कुडकुडत चिप्स खातोय! याला त्याग नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं? एखाद्या दिवशी दहा मिनिटं पुरायची नाहीत, मग उरलेली पाकिटं जॅकेटच्या खिशात टाकून मी तो त्याग ऑफिसातही चालू ठेवायचो.

दुसरा टप्पा, व्यायाम. मिनेसोटात जानेवारीत बाहेर चालायला जाणं म्हणजे डीप फ्रीझरमध्ये फेरफटका! नाकातले केस गोठून आत सुया टोचल्यासारखं होतं. म्हणून इकडचे म्हातारे लोक मॉलमध्ये चालतात. दुकानं दहाला उघडतात, पण मॉलचं दार सकाळी सातलाच उघडं असतं. पांढरे बूट घातलेले आजी-आजोबा, शटरं ओढलेल्या दुकानांसमोरून, सैन्याच्या संचलनासारखे फेऱ्या मारत असतात.

"शनिवारी? सात वाजता? मॉलमध्ये? आजीलोकांबरोबर?" रुचाने प्रत्येक प्रश्नाला आवाज एकेक पट्टी वर नेला. "बाबा, मला कोणी बघितलं तर मी मरेन!"

"न मरण्यासाठीच जायचंय," मी म्हणालो.

तिसरा टप्पा माझा सगळ्यात लाडका. यंत्र! छातीला बांधायचा एक पट्टा आणि मनगटावर घालायचं एक घड्याळ. पट्टा हृदयाचे ठोके पकडतो आणि बिनतारी घड्याळाला कळवतो. मिनिटाला किती ठोके, ते घड्याळात दिसतं. पट्टा आणि घड्याळ जवळजवळ पाहिजेत, हातभर अंतर पडलं की संबंध तुटतो.

"थांब," रुचा म्हणाली. "पट्टा मी लावणार आणि घड्याळ तू घालणार? दॅट इज सो क्रीपी!"

"याला मॉनिटरिंग म्हणतात."

"यतीन, तिचं हृदय तिच्याजवळ राहू दे की," पद्मजा म्हणाली.

पण मी पडलो मॅनेजर. आकडा दुसऱ्याच्या मनगटावर आणि मी कोरडा? अशक्य! घड्याळ मीच घातलं आणि शनिवारी सकाळी रुचाच्या खांद्याला खांदा लावून चालू लागलो. ती एक पाऊल लांब सरकली की मी एक पाऊल जवळ. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, पोलीस आरोपीला कोर्टात नेतायत.

घड्याळ म्हणत होतं, अठ्ठ्याण्णव. शंभर. नव्व्याण्णव. उत्तम! दुकानं मागे पडत होती. समोरून जांभळा ट्रॅकसूट घातलेल्या एक आजीबाई तुरुतुरु आल्या, 'गुड मॉर्निंग!' म्हणाल्या आणि आम्हाला घासून गेल्या. मी मान हलवली आणि घड्याळात बघितलं.

एकशे ब्याऐंशी!

माझंच पाऊल अडखळलं. दहा पावलं पुढे गेलो. अठ्ठ्याण्णव. मी मनगट झटकलं, यंत्राची चूक असेल म्हणालो. मॉलच्या दुसऱ्या टोकाला बुटांच्या दुकानापाशी पुन्हा एकशे एकोणऐंशी! पुन्हा दहा पावलांत शंभर. दुसऱ्या फेरीत तस्संच. तिसऱ्या फेरीतही अगदी त्याच दोन जागा. जांभळ्या आजी प्रत्येक वेळी 'गुड मॉर्निंग!' म्हणत होत्या, पण मला आता शिष्टाचाराला वेळ नव्हता. माझ्यातला मॅनेजर जागा झाला होता! एक जागा बुटांच्या दुकानासमोरची. दुसरी कुठली? मी वर पाटी बघितली. दालचिनीचे रोल विकणारं दुकान! शटर बंद होतं, पण आत भट्टी पेटली होती आणि वास सगळ्या मॉलभर पसरला होता.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. नव्या बुटांचा मोह आणि दालचिनीचा वास! पोरीचं हृदय या दोन गोष्टींनी उडतं!

घरी येऊन मी पद्मजाला बाजूला घेतलं. "दालचिनी!" मी कुजबुजलो.

"फडताळात, डावीकडे."

"तसं नाही! रुचाच्या हृदयाला दालचिनी चालत नाही. नुसत्या वासाने ठोके दुप्पट होतात. आजपासून घरात दालचिनी बंद."

पद्मजाने माझ्याकडे बघितलं. मग फडताळाकडे बघितलं. "यतीन, गोड्या मसाल्यात दालचिनी असते."

"मग गोडा मसाला बंद!"

पुण्याच्या बाईला हे सांगणं म्हणजे काय, हे ज्याचं पुण्यात लग्न झालंय त्यालाच कळेल. तिच्या आईने उन्हात वाळवून, भाजून, कुटून, तीन पिशव्यांत गुंडाळून, कस्टमवाल्यांच्या नाकाखालून आणलेला मसाला!  पद्मजाने आठवडाभर मला नुसत्या हळद-मिठाची आमटी वाढली, आणि प्रत्येक घासाला माझ्या तोंडाकडे बघत बसली. रुचाने मंगळवारीच विचारलं, "आई, आर वी ऑल सिक?"

त्याआधी, मॉलच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी, मी रुचाला आडून आडून विचारलं होतं, "त्या रोलच्या दुकानापाशी तुला काही होतं का गं?"

"काय होतं?"

"म्हणजे... छातीत वगैरे?"

"बाबा, यू आर बीइंग वियर्ड." आणि तिने कानात आयपॉडच्या वायरी कोंबल्या.

इथे जरा हसणं बाजूला ठेवतो. तिला काहीच जाणवत नाही, याचीच मला जास्त भीती वाटली. अण्णांनाही काही जाणवलं नव्हतं. आठवडाभर ऑफिसात मी ठोक्यांचे आकडे कागदावर मांडत बसलो आणि खिशातले क्रॅकर्स खात बसलो. भीती वाटली की मला भूक लागते. आनंद झाला तरी लागते म्हणा.

मग दुसरा शनिवार उजाडला. आम्ही मॉलच्या दारातून आत शिरलो तर समोर जांभळ्या आजी उभ्या.

"मागच्या शनिवारी मी तुमच्या उलटी फेरी मारत होते," त्या म्हणाल्या. "आज म्हटलं, तोंडं बघण्याऐवजी सोबतच चालावं. मी आर्लिस. वय शहात्तर. तीन वर्षांपूर्वी बायपास झालीय, तरी तुम्हाला त्रास होणार नाही इतपत वेगाने चालते."

त्या आमच्यापेक्षा वेगाने चालत होत्या! रुचा मध्ये, एका बाजूला आर्लिसबाई, दुसऱ्या बाजूला मी. आणि काय आश्चर्य, घरात 'फाइन' आणि 'व्हॉटेवर' या दोन शब्दांवर दिवस काढणारी माझी मुलगी घडाघडा बोलायला लागली! एप्रिलमध्ये शाळेच्या धावण्याच्या टीमची निवड आहे, आपल्याला जावंसं वाटतं, पण आपण सगळ्यांत स्लो असू, लोक हसतील. मला यातलं अक्षर माहीत नव्हतं. आर्लिसबाई म्हणाल्या, "अगं, सगळ्यांत मागे धावणाऱ्याला सगळे पुढचे दिसतात. पुढच्याला काय दिसतं? भिंत!" रुचा खळखळून हसली.

ते हसणं ऐकत मी कौतुकाने घड्याळात बघितलं.

एकशे नव्वद.

मी मान वर करून पाटी बघितली. दालचिनी नाही, बूट नाहीत. गाद्यांचं दुकान! गाद्यांच्या दुकानासमोर कोणाचं हृदय उडतं? दहा पावलं गेलो. एकशे एक्याण्णव. वीस पावलं. एकशे त्र्याण्णव! आकडा खाली यायचं नावच घेईना!

"रुचा, थांब!" मी किंचाळलो. "खाली बस! आडवी हो!"

"व्हॉट? व्हाय?"

"बोलू नकोस! श्वास घे! एवढा नको, हळू घे! आजी, हिला धरा!"

आणि मी धावत सुटलो. सुरक्षा रक्षकाचं ऑफिस वरच्या मजल्यावर, दुसऱ्या टोकाला. सरकते जिने सकाळी बंद असतात. अंगात दोन स्वेटर, वर उणे पंचवीसला चालणारं जॅकेट. त्या जिन्यावरून मी गॅस सिलिंडर खांद्यावर घेतल्यासारखा चढलो. दारातच ड्वेन नावाचा रक्षक कॉफी पीत बसला होता. माणूस कसला, कपाट!

"मुलगी... माझी... हृदय... एकशे त्र्याण्णव!"

त्याने कॉफी टाकली, भिंतीवरचं शॉक द्यायचं मशीन ओढलं, वॉकीटॉकीवर ॲम्ब्युलन्स बोलावली आणि धडधडत जिना उतरला. मी मागोमाग. आम्ही पोचलो तेव्हा सगळे चालणारे आजी-आजोबा गोल करून उभे होते आणि मधोमध रुचा हाताची घडी घालून, लाल झालेली. आजाराने नव्हे, लाजेने.

"पेशंट कोण?" ड्वेन ओरडला.

"ही!" मी बोट दाखवलं.

"नॉट मी," रुचा म्हणाली.

ड्वेनने तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा तिच्याकडे बघितलंच नाही. माझा चेहरा म्हणे भाजलेल्या वांग्यासारखा झाला होता. कपाळावरून घाम गळत होता आणि छाती भात्यासारखी वरखाली होत होती.

"मी... ठीक..." मी म्हणालो. 'आहे' हा शब्द आलाच नाही. मी शेजारच्या बाकावर पोत्यासारखा बसलो.

"हवा येऊ द्या!" म्हणत ड्वेनने माझ्या जॅकेटची झिप सर्रकन खाली ओढली.

आणि मंडळी, पाऊस पडला! चिप्सची दोन पाकिटं, चीज क्रॅकर्सचं एक, तीन चॉकलेटं आणि टिश्यूत गुंडाळलेला अर्धा डोनट. डोनट घरंगळत एका आजोबांच्या बुटाला जाऊन टेकला. 

रुचा वाकली. तिने एक पाकीट उचलून उलटसुलट बघितलं. "बाबा, हे आपलं आहे. हे तू फेकून दिलं होतंस."

"विल्हेवाट... लावत होतो."

"तोंडात?"

तेवढ्यात ड्वेनने मशीनचं झाकण उघडलं आणि आतून एक बाई खणखणीत आवाजात बोलू लागली, "रुग्णाच्या छातीवरचे कपडे काढा!" सगळ्या मॉलभर घुमलं! मी दोन्ही हातांनी स्वेटर घट्ट धरला आणि होता नव्हता तो जीव एकवटून ओरडलो, "नको! मी जिवंत आहे!"

आर्लिसबाई माझ्या शेजारी बसल्या आणि त्यांनी माझा हात हातात घेतला. "शांत हो बाळा," त्या म्हणाल्या. रुचा समोर उभी होती. तिची नजर माझ्या मनगटावर गेली.

"एकशे नव्वद? पण मी तर नुसती उभी आहे."

तिने घड्याळ माझ्या हातातून काढून घेतलं आणि चार पावलं मागे गेली. "चौऱ्याण्णव." चार पावलं पुढे आली. "एकशे नव्वद." पुन्हा मागे, पुन्हा पुढे. मग तिने आर्लिसबाईंकडे वळून विचारलं, "तुम्ही पण पट्टा लावलाय का?"

"लावलाय की!" आर्लिसबाईंनी बाही सरकवून आपलं घड्याळ दाखवलं. "बायपास झाल्यापासून रोज लावते. का गं?"

"बाबा!" रुचाने कपाळाला हात लावला. "हे दोघींचे मिळून मोजतंय! माझे चौऱ्याण्णव आणि त्यांचे शहाण्णव!"

म्हणजे आठवडाभर मी ज्याला दालचिनी समजत होतो, त्या आर्लिसबाई होत्या. विरुद्ध दिशेने, आमच्याच वेगाने चालत असल्यामुळे त्या दर फेरीला त्याच दोन जागी आम्हाला भेटत होत्या! हे मला समजायला अजून थोडा वेळ लागला असता, पण तेवढ्यात ॲम्ब्युलन्सची माणसं आली. त्यांनी रुचाला दोन प्रश्न विचारून सोडून दिलं. माझ्या दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, सोडली, पुन्हा भरली आणि एकमेकांकडे बघितलं.

"एकशे बहात्तर, एकशे सहा," त्यातला एक म्हणाला. "सर, तुमची मुलगी अगदी छान आहे. तुम्ही मात्र आमच्याबरोबर चला."

मला खुर्चीत बसवून बाहेर नेलं तेव्हा आजी-आजोबांनी दोन्ही बाजूंनी टाळ्या वाजवल्या. प्रोत्साहन म्हणून असाव्यात. मी तसंच धरून चाललोय.

हॉस्पिटलमध्ये त्यांनी माझ्या छातीला एवढ्या वायरी लावल्या की मी सर्व्हर रूमसारखा दिसायला लागलो. तासाभराने एक तरुण डॉक्टर आला. हार्ट ॲटॅक नव्हता. पण रक्तदाब वाढलेला, कोलेस्टेरॉल दोनशे एकाहत्तर. "तुम्ही शेवटचं कधी तपासलं होतं?" त्याने विचारलं. मी आठवायला लागलो, आणि बराच वेळ आठवतच राहिलो.

"घराण्यात कोणाला हृदयविकार?"

"वडिलांना."

"कितव्या वर्षी?"

एव्हाना पद्मजा येऊन खाटेजवळ उभी होती, रुचा पायाशी बसली होती. इथे उलटायला पान नव्हतं. "एक्कावन्न," मी म्हणालो. "ते ऑफिसातून आले. चपला काढल्या आणि मला पाणी मागितलं. मी पेला भरून आणला, तोवर ते गेले होते. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो."

डॉक्टरने लिहून घेतलं आणि तो हलक्या पावलांनी बाहेर गेला.

"तू मला हे कधीच सांगितलं नाहीस," रुचा म्हणाली. मराठीत म्हणाली.

"काय सांगणार?"

"तू आता किती वर्षांचा आहेस?"

"पंचेचाळीस."

ती पांघरुणाचा एक दोरा ओढत राहिली. मग म्हणाली, "म्हणून तू एवढा वेड्यासारखा करत होतास? मला वाटलं, मी जाड झालेय म्हणून तुला माझी लाज वाटते."

मंडळी, त्या दिवशी मशीनने मला शॉक दिला नाही, पण तो मला तिथे बसला. तीन टप्पे, आकडे, घड्याळ आणि कागदावरचे आलेख! आणि मुद्द्याचं एक वाक्य मी पोरीला सांगायचं विसरलो होतो.

"लाज?" मी म्हणालो. "अगं, मला भीती वाटत होती. नुसती भीती."

ती उठली आणि वायरी सांभाळत माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसली. शेजारचं मशीन तेवढ्यात जोरजोरात पीं पीं करायला लागलं, एक नर्स धावत आली, आणि एक वायर रुचाच्या कोपराखाली दबून निघालीय असं कळल्यावर आम्ही चौघंही हसत सुटलो.

घरी आल्यावर सत्तांतर झालं. गॅरेजची किल्ली रुचाकडे गेली. साठा तिने आणि पद्मजाने मिळून काळ्या पिशव्यांत भरून खरोखरच टाकला, अन्नाबद्दलचं माझं भाषण मध्येच तोडून. त्याच रात्रीच्या जेवणाला आमटीत गोडा मसाला परत आला. पहिल्या भुरक्याला माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी वाफेच्या नावावर खपवलं. सकाळची एक गोळी मला सुरू झाली. ती घेतली की नाही हे विचारायला रुचा दाढीच्या वेळी बाथरूमच्या दारात उभी राहते. पट्टा आता मी लावतो. घड्याळ कोणाच्या मनगटावर असतं ते सांगत नाही.

दर शनिवारी-रविवारी आम्ही तिघं मॉलमध्ये जातो. पुढे रुचा आणि आर्लिसबाई गप्पा मारत, मध्ये पद्मजा, तिच्या मागे मी. ड्वेन वरच्या कठड्यावरून कॉफीचा पेला उंचावतो. एप्रिलमध्ये रुचाची धावण्याच्या टीममध्ये निवड झाली. निवडलेल्यांत ती सगळ्यांत स्लो आहे, पण निवडलेल्यांत आहे! त्या दिवशी तिने हे सांगायला पहिला फोन आर्लिसबाईंना केला आणि दुसरा मला. दुसरा नंबर मिळाल्याचा एवढा आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

तीन महिने झाल्यावर आम्ही डॉक्टर लिंडक्विस्टबाईंकडे गेलो. बाईंनी रिपोर्ट बघितला, चष्मा काढला, पुन्हा घातला. "एकशे अडतीसवरून एकशे चौदा! फारच छान! असं काय केलंत तुम्ही?"

मी घसा खाकरला. या प्रश्नाचं उत्तर मी गाडीत तयार केलं होतं. त्यात नियोजन होतं, सातत्य होतं, नेतृत्वगुण होते.

"मी बाबाला सांभाळलं," रुचा म्हणाली. "तो चिप्स खात नाहीये ना हे बघायचं, तर मला त्याच्यासमोर खाता येत नाही. तो चालतोय ना हे बघायचं, तर मलाही चालावं लागतं. बस. एवढंच."

बाई खो खो हसल्या. मी उत्तर गिळलं आणि मान हलवली. तेवढ्यात नर्स आत आली. मुलांचा दवाखाना तो. तपासणी झाली की शूर पेशंटला स्टिकर देतात. तिने रंगीत स्टिकरांचा डबा रुचापुढे धरला. रुचाने शांतपणे माझ्याकडे बोट दाखवलं. नर्सनेही जराही न हसता डबा माझ्यापुढे केला.

नको म्हणणार होतो. पण खरं सांगतो, चांगली दोन मिनिटं शोधून मी त्यातला हिरवा डायनासोर निवडला.